नौकेचा डोंगा

वऱ्हाडात माझं कुणी नाही. नागपूरची संत्री रत्नागिरीपर्यंत येतात आणि त्या वाटेवर कुठेतरी कापूस पिकतो एवढं भूगोलात वाचलेलं. त्यापलीकडे माझं ज्ञान नव्हतं. तरी त्या हिवाळ्यात मी जवळजवळ तीन आठवडे अमरावती-अकोल्याला राहून आले, आणि आल्यापासून कॉलेजातल्या सहकाऱ्यांना, शेजारणींना, भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे. शेवटी आमचे प्राचार्य म्हणाले, "सोमणबाई, एकदा लिहून काढा, म्हणजे आम्ही सुटू." म्हणून हे.

जायचं कारण कोबिना आदू. हे घाना देशातले नाटककार आणि दिग्दर्शक. त्यांचा देश इंग्रजांच्या हातून सुटून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. त्यांचं एक नाटक मी इंग्रजीवरून मराठीत आणलं होतं आणि ते एका मासिकात छापून आलं होतं. नाव मी ठेवलं होतं 'एकुआची नौका'. आदू हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येणार असं कळल्यावर अमरावतीचे एक वकील, बापूसाहेब देशमुख, यांनी त्यांना पत्र लिहिलं, की आमचं हौशी नाट्यमंडळ हे नाटक करू इच्छितं, आपण येऊन बसवून द्यावं. प्रयोग अकोल्याला करू. आदूंनी होकार कळवला आणि एकच मागणी केली: भाषांतर करणारी बाई बरोबर हवी. चाळिशीला आलेली, बिनलग्नाची प्राध्यापिका परक्या देशातल्या पुरुषाबरोबर वऱ्हाडात निघाली, याची आमच्या आळीत किती चर्चा झाली ते सोडून देते.

नाटक साधं आहे. एकुआ नावाची म्हातारी कोळीण. तिच्या मेलेल्या नवऱ्याची होडी बंदरावरचा गोरा अधिकारी जप्त करतो, कारण तिच्यापाशी कागद नाही. ती इंग्रजांच्या कोर्टात जाते. तिला इंग्रजी येत नाही, न्यायाधीशाला तिची भाषा येत नाही, आणि मध्ये उभा दुभाषा. ती दहा वाक्यं बोलते, दुभाषा एकच सांगतो, आणि तेही भलतंच. शेवटी ती त्याला बाजूला सारते आणि स्वतः बोलते.

अमरावती

बडनेऱ्याला बापूसाहेब स्वतः मोटार घेऊन आले होते. गोरेपान, काळा कोट, बोलणं इतकं शुद्ध की मला पुण्यातल्या माझ्या परीक्षकांची आठवण झाली. आदू त्यांच्या शेजारी बसले. उंचीने बेताचे, खांदे रुंद, पन्नाशीच्या जवळपासचे, हसले की डोळे पूर्ण मिटायचे. खांद्यावरून त्यांनी मोठं रंगीत वस्त्र घेतलं होतं. रस्त्यावरचे लोक आधी त्यांच्याकडे बघायचे, मग त्या वस्त्राकडे, आणि मग आपसांत कापडाच्या पोताबद्दल बोलायला लागायचे. कापसाचा मुलुख आहे हे मला तिथे कळलं.

अर्ध्या वाटेत चाक बसलं. बापूसाहेब खाली उतरले आणि ड्रायव्हरवर गरजले, "काहून रे, काल चाक पाह्यलं नाई तुनं? मी सकाउनपासून सांगून राहिलो तं आयकून नाई राहिला."

आदू मान वळवून ऐकत राहिले. मोटार सुरू झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे आत्ता ज्या भाषेत बोलले ती कोणती?"

मी बापूसाहेबांकडे पाहिलं. ते जरा लाजले. "ती भाषा नव्हे," ते इंग्रजीत म्हणाले, "इथली बोली आहे. घरगुती."

जेवायला त्यांच्याच घरी होतो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. मी वाढणाऱ्या बाईंना म्हटलं, भाजीवर थोडी कोथिंबीर चालेल. त्या गोंधळल्या. मी खाणाखुणा केल्या तेव्हा म्हणाल्या, "सांबार म्हना ना मंग." आमच्याकडे सांबार इडलीबरोबर पितात हे सांगितल्यावर घरातल्या सगळ्या बायका मला बघायला आल्या. आदूंना कुणी बघायला आलं नाही, कारण ते ठेच्याचा तिसरा गोळा घेऊन शांतपणे जेवत होते आणि वऱ्हाडात तेवढं पुरतं. आमच्याकडे मक्याचं पीठ आंबवून, पानात गुंडाळून उकडतात आणि ते असंच मिरचीशी खातात, असं त्यांनी सांगितलं. मग ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पण मासा कुठे आहे?" मी म्हटलं, मीही तेच शोधते आहे. आम्ही दोघं समुद्राची माणसं काळ्या मातीत येऊन पडलो होतो. आमची मैत्री खरी तिथे जमली.

दुसऱ्या दिवशी नाटकाचं वाचन झालं. एकुआचं काम बापूसाहेबांच्या वहिनींकडे होतं, न्यायाधीश स्वतः बापूसाहेब, दुभाषा एक पोस्टमास्तर. माझी वाक्यं घरंदाज, स्वच्छ आवाजात खोलीभर फिरत होती. 'महाराज, ही नौका माझ्या पतीने स्वहस्ते घडविली.' मला अंगावर शहारा आला. वाचन संपल्यावर मी आदूंकडे पाहिलं.

"मला मराठी येत नाही," ते म्हणाले, "पण कान आहेत. न्यायाधीश आणि कोळीण एकाच शाळेत शिकलेले वाटतात. तिला दुभाषा कशाला लागतो?"

दोन वर्षं घालवली होती मी त्या भाषांतरात.

"बापूसाहेब," ते पुढे म्हणाले, "तुम्ही काल ड्रायव्हरशी बोललात, त्या भाषेत एकुआला बोलू द्या."

बापूसाहेबांनी मान हलवली. "लोक हसतील. आमच्या रंगभूमीवर वऱ्हाडी नोकराच्या तोंडी असते. तो आला की प्रेक्षक हसायला तयारच असतात. तुमची म्हातारी होडीसाठी रडेल आणि अकोला पोट धरून हसेल. चालेल तुम्हाला?"

करून पाहायचं ठरलं. वहिनींनी दोन वाक्यं वऱ्हाडीत म्हटली. कमरेवर हात, मान तिरकी, अगदी नाटकातला नोकर म्हणतो तशी. सगळे हसले, वहिनीही हसल्या. बापूसाहेब म्हणाले, "बघा." आदूंनी तालीम थांबवली आणि उद्या सुट्टी म्हणून सांगितलं. मनातून मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

कौंडण्यपूर

सुट्टीच्या दिवशी बापूसाहेबांनी आम्हाला मोटारीने कौंडण्यपूरला पाठवलं. रुक्मिणीचं माहेर म्हणून गावाची ख्याती. देवळात दर्शन घेतलं, पण आदूंचं लक्ष खाली वर्धा नदीकडे होतं. काठाला एक लांबट होडी लागलेली पाहून ते मला मागे टाकून घाट उतरले.

होडीवाला म्हातारा होता. मी त्याला म्हटलं, "या पाहुण्यांना तुमची नौका पाहायची आहे."

"काय पाहाची हाय?"

"नौका."

तो मागे वळून बघायला लागला, जणू पाठीमागून काही येत होतं. मी होडीवर हात ठेवला.

"हा डोंगा होय," तो म्हणाला. "नवका कॅलेंडरात रायते. बसा, बाई."

डोंगा पलीकडे निघाला तशी आदूंनी वल्हं मागून घेतलं. म्हाताऱ्याने दिलं, आणि आदूंनी चार हात मारलेले पाहून मला विचारलं, "हे कोन्या गावचे भोई?" मी सांगितलं की हे फार दूरच्या देशातले मोठे नाटककार आहेत. "असतीन," तो म्हणाला. "पन हात भोयाचा हाय."

मग त्याने त्यांचं नाव विचारलं. आदूंनी सांगितलं की आमच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. मी मंगळवारचा, म्हणून कोबिना. मी हे मराठीत सांगेपर्यंत म्हातारा हसायला लागला. "मंग तं मंगल झाला. माहं नाव बुधाजी. आईनं बुधवारी काढलं ना मले. आमच्यातही तसंच हाय."

मी हे इंग्रजीत सांगितल्यावर आदूंनी वल्हं थांबवलं. "याला सांगा, आमच्या किनाऱ्यावर हा क्वेकू झाला असता."

बुधाजीने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि त्याला आवडलं. आदू त्या दिवसापासून वऱ्हाडापुरते मंगलजी झाले. अमरावतीला परतेपर्यंत ड्रायव्हरही त्यांना तेच म्हणायला लागला होता.

पलीकडच्या काठावर आम्ही बराच वेळ बसलो. बुधाजीच्या घरून रोडगे आणि पातळ भाजी आली. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे आणि कुस्करून खायचे. मी एकात गार झाले, आदूंनी चार खाल्ले. तिथे त्यांनी मला त्यांची हकिकत सांगितली.

त्यांचा जन्म केप कोस्टजवळच्या कोळीवस्तीत. वडील डोंग्यावर, आई मासे धुरावून बाजारात विकायची. मिशनच्या शाळेत हुशार निघाले, तिथेच शिक्षक झाले, इंग्रजीत नाटकं लिहायला लागले. साहेब लोक पुढच्या रांगेत बसून वाखाणायचे. मग त्यांनी आपल्या फांते भाषेत हे होडीचं नाटक लिहिलं. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, शाळा हवी की हे. ते शाळा सोडून आले. मग समुद्राच्या वाळूत, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मध्ये प्रयोग. दुपारी होड्या परतल्या की सुरू करायचे, कारण तेव्हा सगळं गाव किनाऱ्यावर असायचं. एका गावात पोलिसांनी बंदी घातली, कारण नाटकातल्या न्यायाधीशाला लोक हसले होते. यांनी सामान लॉरीत टाकलं आणि पुढच्या गावात तोच प्रयोग केला. अशी नऊ वर्षं.

"देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने मला नाट्यगृह दिलं," ते म्हणाले. "फार सुंदर. मी पहिलं काम काय केलं सांगू? रस्त्याकडची भिंत पाडून टाकली. मासेवाल्या बाया पाटी घेऊन जाताना थांबून बघू शकल्या पाहिजेत."

परतताना डोंग्यात मी त्यांना म्हटलं, "नाटकाचं नाव बदलते मी. 'एकुआचा डोंगा'."

त्यांनी नुसती मान हलवली आणि वल्हं मारत राहिले. मला वाटतं त्यांना ते कौंडण्यपूरला उतरतानाच ठाऊक होतं.

राजापेठ

पुढच्या तालमीत एक गोष्ट घडली. मंडळात विमल तायडे म्हणून प्राथमिक शाळेच्या शिक्षिका होत्या. तिशीच्या, बारीक चणीच्या, कडक स्टार्चची साडी. त्यांचं काम गावातल्या बाईचं, चार वाक्यांचं. त्यांची मराठी बापूसाहेबांइतकीच शुद्ध होती, किंबहुना जास्त. त्या दिवशी एक वाक्य विसरल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "काय होतं वो ते, आत्ता तं तोंडात होतं माह्या."

आदू ताडकन उठले. "ते पुन्हा म्हणा."

तायडेबाई लाल झाल्या. दुसऱ्या दिवशी तालमीला आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा आम्ही दोघं राजापेठेत त्यांच्या घरी गेलो.

दोन खोल्या, लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांच्या घराण्याने पाच-सहा वर्षांपूर्वीच बौद्ध धर्म घेतला होता. यजमान तहसील कचेरीत. त्यांनी चहा ठेवला आणि बाईंना बोलावलं. त्या समोर बसल्या आणि माझ्याकडे बघून बोलल्या, आदूंकडे नाही.

"ह्यांना सांगा, मी ती भाषा अंगावरून घासून काढली आहे. माझी आई अकोल्याला कापसाच्या कारखान्यात, जीनमध्ये सरकी वेचते. मी तिच्यासारखं बोलत ट्रेनिंग कॉलेजात गेले तेव्हा पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. बोलण्यावरून गाव कळतं, गावावरून वस्ती कळते, आणि वस्ती कळली की पाण्याचा पेला वेगळा होतो. माझ्या वर्गात कुणी 'मले' म्हटलं तर मी स्वतः त्याला उभं करते, कारण पुढे त्याला हसू नये कुणी. आणि आता हे म्हणतात, चारचौघांत स्टेजवर येऊन तेच बोला."

मी सगळं इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता. दुभाष्याचं नाटक डोक्यात असल्यामुळे मी त्या दिवसांत फार जपून वागत होते. हेही आठवलं की कोकणी बोलणाऱ्या मुलांना मीही वर्गात उभं करते.

आदू म्हणाले, "माझं एक इंग्रजी नाटक बघायला माझी आई आली होती. इंग्रजी तिला येत नव्हतं. नवं वस्त्र नेसून, शेवटच्या रांगेत बसली. सगळे टाळ्या वाजवत तेव्हा तीही वाजवायची. संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, छान होतं, पण मला सांग, मेलं कोण? लोक इतके का टाळ्या वाजवत होते? त्यानंतर तीन वर्षं मी काही लिहिलं नाही."

तायडेबाईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "मग ही होडीवाली?"

"ती तिच्यासाठी लिहिली."

चहा झाला. बाई कपबश्या उचलून आत गेल्या. आम्ही परत आलो, आणि माझ्या मते प्रकरण संपलं होतं.

दोन दिवसांनी तालमीच्या खोलीत त्या उभ्या होत्या. बापूसाहेबांना म्हणाल्या, "मी एकुआ करते. पण प्रयोग हॉलमध्ये नको. माझ्या आईच्या जीनमधल्या बायांना तिथे कोण येऊ देणार, आणि दिलं तरी त्या आत शिरणार नाहीत. रविवारी जीन बंद असते. दुपारी चार वाजता, जीनच्या आवारात करायचा."

बापूसाहेबांनी आदूंकडे पाहिलं. ते डोळे मिटून हसत होते. वहिनींनी एकुआचं लुगडं आणून तायडेबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं वो. मले नाटक करनंच जमून नोतं राहिलं." त्या घरात वऱ्हाडी शब्द मी बायकांच्या तोंडून रोज ऐकत होते, पण तालमीच्या खोलीत हा पहिला.

मग माझं भाषांतर उसवायला घेतलं. तायडेबाई आणि मी समोरासमोर बसायचो. मी वाक्य वाचायचे, त्या डोळे मिटून आईला आठवायच्या आणि बोलायच्या. 'ही नौका माझ्या पतीने स्वहस्ते घडविली' याचं झालं, "सायेब, हा डोंगा माह्या नवऱ्यानं आपल्या हातानं कोरला. म्या डोयानं पाह्यलं ना. लाकूड म्याच तं धरलं होतं." हे शेवटचं वाक्य मूळ नाटकात नव्हतंच. मी आदूंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "नव्हतं, आता आहे. लाकूड कुणीतरी धरलंच असणार. मला कसं सुचलं नाही?"

न्यायाधीश आणि दुभाषा यांची वाक्यं मात्र माझीच राहिली. आधी मला वाटलं, माझं मन राखताहेत. पण पोस्टमास्तर माझ्या पल्लेदार वाक्यात तायडेबाईंचं बोलणं फिरवून सांगायला लागले तेव्हा मला कळलं की त्या दोन भाषांच्या मध्ये आता खरोखरच काहीतरी घडतं आहे.

अकोला

तायडेबाईंची आई गंगाबाई जीनच्या फाटकातच उभी होती. तिने लेकीकडे पाहिलंच नाही, आधी आदूंना विचारलं, "तुमीच का मंगलजी? या. आमची पोरगी लय जिद्दीची हाय, सांभायून घ्या."

जीनचं आवार मोठं होतं. एका बाजूला कापसाचे ढीग, एका बाजूला रुईच्या दाबलेल्या गाठी, हवेत सगळीकडे तंतू. चार बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जोडून, वर फळ्या टाकून रंगमंच केला. न्यायाधीशाचा पांढरा टोप आम्हाला कुठेच मिळाला नव्हता. गंगाबाईच्या मैत्रिणींनी रुई पिंजून अर्ध्या तासात केला. बापूसाहेबांनी तो घातला आणि शिंकायला लागले. आदूंच्या केसांत कापूस अडकून त्यांचं डोकं पांढरं झालं होतं. बाया म्हणाल्या, मंगलजी सकाळी आले तवा जवान होते.

चार वाजायच्या आधी आवार भरलं. पुढे जमिनीवर जीनच्या बाया, त्यांची घरची माणसं, भाजीबाजारातल्या माळणी. मागे खुर्च्यांवर अकोल्याचे वकील, प्राध्यापक, व्यापारी. मी गाठींच्या आड संहिता घेऊन बसले. आदू आवाराच्या मधोमध, बायांच्या घोळक्यात मांडी घालून.

तायडेबाई आल्या, वल्हं खांद्यावर. पहिलंच वाक्य बोलल्या, "सायेब, मले माहा डोंगा पायजे."

मागच्या खुर्च्यांमधून हसू फुटलं. वाईट मनाने नव्हे, सवयीने. बापूसाहेब टोपाखाली पांढरे पडले. मी वाक्य सांगायला तोंड उघडलं, पण त्या विसरल्या नव्हत्या. त्या वल्हं टेकून नुसत्या उभ्या राहिल्या आणि वाट पाहत राहिल्या. पुढच्या बायांनी एकेक करून माना वळवून खुर्च्यांकडे पाहिलं. हसू विरलं. मग तायडेबाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याच आवाजात.

त्यानंतर खुर्च्यांमधून तसं हसू पुन्हा आलं नाही. एकदा बाजूला बांधलेला बैल न्यायाधीशाच्या निकालाच्या मध्येच हंबरला आणि सगळे हसले, बापूसाहेबही. पोस्टमास्तर एकुआचं बोलणं फिरवून सांगायला लागले की पुढच्या बाया चुळबुळायच्या. "तिनं असं नाई म्हटलं," एक म्हातारी मोठ्याने म्हणाली. पोस्टमास्तर दचकून थांबले आणि पुढचं वाक्य त्यांनी जरा घाबरतच म्हटलं.

शेवटी एकुआने त्यांना हाताने बाजूला केलं आणि स्वतः बोलली. तायडेबाई बोलत होत्या ते आमच्या कागदावर होतं, पण मला ते कागदावरचं वाटत नव्हतं. मग न्यायाधीशाचं वाक्य आलं, माझंच: "सदर नौका आपल्या पतीचीच होती, यास कोणी साक्षीदार आहे काय?"

मूळ नाटकात इथे शांतता आहे. गाव घाबरलेलं असतं, कुणी पुढे येत नाही. एकुआ सगळ्यांकडे बघते, वल्हं उचलते आणि निघून जाते; होडी जाते ती जातेच. घानात सगळीकडे नाटक असंच संपत आलं होतं.

तायडेबाईंनी लोकांकडे पाहिलं. शांतता. त्यांनी वल्ह्याला हात घातला, आणि पुढून गंगाबाई उठली.

"मी हावो ना साक्षीले," ती म्हणाली. "म्या पाह्यलं."

तिच्या शेजारची उठली. "म्या बी पाह्यलं. लाकूड तिनंच धरलं होतं." मग एक माळीण, मग तिच्या मागच्या दोघी, मग आवारातल्या बाया नुसत्या उठतच गेल्या, आणि मला दिसलं की शेवटच्या रांगेतले एक म्हातारे वकील खुर्चीवरून उठून उभे आहेत. तायडेबाईंचा हात वल्ह्यावर तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कागदावर काहीच नव्हतं. मी आदूंकडे पाहिलं. ते उभ्या राहिलेल्या बायांच्या मध्ये बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि रडत होते.

आता सगळं आवार बापूसाहेबांकडे बघत होतं. त्यांचं पुढचं वाक्य होतं, 'साक्षीदाराअभावी दावा फेटाळण्यात येत आहे.' त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग डोक्यावरचा रुईचा टोप काढून टेबलावर ठेवला, आणि पोस्टमास्तरांकडे वळून म्हणाले,

"लिवा. बाईची साक्ष लिवून घ्या. डोंगा तिचा हाय. तिले देऊन टाका."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. बाया रंगमंचावर चढल्या आणि एक बंडी कलली, तायडेबाई वल्ह्यासकट खाली आल्या त्या आईच्या अंगावरच. आदू गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. "न्यायाधीश काय म्हणाला? नेमके शब्द सांगा." मी सांगितले, त्यांनी ते आपल्या वहीत जसेच्या तसे लिहून घेतले. म्हणाले, "इतकी वर्षं मी तिला हरवत होतो. आता नाही."

अचलपूर

अचलपूरची काही माणसं त्या प्रयोगाला आली होती. पुढच्या रविवारी आमच्या गावात करा, अशी त्यांनी आदूंना गळ घातली. पण आदूंना दिल्लीला जाणं भाग होतं. ते अडचणीत पडलेले पाहून तायडेबाई म्हणाल्या, "मी बसवतो ना. तुमी जा." वऱ्हाडात बायकाही 'करतो, जातो' म्हणतात, मला ते एव्हाना कानाला गोड लागायला लागलं होतं. आदूंनी आपल्या खुणा केलेली संहिता त्यांच्या हातात दिली. स्टेशनवर बुधाजी सोडून सगळं वऱ्हाड आलं होतं, असं मला वाटलं.

मी माझं रत्नागिरीचं निघणं पुढे ढकललं आणि मंडळीबरोबर एस.टी.ने अचलपूरला गेले. वल्हं बसच्या टपावर. प्रयोग बाजारओळीत, दुपारीच. तायडेबाई एकुआही होत्या आणि दिग्दर्शकही. बापूसाहेबांना त्यांनी दोनदा दटावलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. संहिता माझ्याकडे नव्हती, मला पहिल्यांदाच लोकांत बसवलं होतं.

न्यायाधीशांनी साक्षीदार आहे का म्हणून विचारलं. मला नाटक पाठ होतं, आता बाया उठणार हेही ठाऊक होतं. तरी मी बघितलं तर मीच उभी होते. म्हणाले, "मी साक्ष देते. मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे." आजूबाजूला माझ्या त्या शब्दांना थोडं हसू आलं, आणि मी थांबले.

शेजारची भाजीवाली माझ्या कोपराला हात लावून म्हणाली, "बोला बाई, बोला. तुमची बोली समजते आमाले."

मग मी बोलले.